निदान ते औषध : आफ्रिकेतील एचआयव्ही उपचारांचा इतिहास

१९९६ पासून तीन औषधांच्या एकत्रित उपचारामुळे श्रीमंत देशांत एड्सचे मृत्यू झपाट्याने घटले. जगातील बहुसंख्य बाधित मात्र सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत होते आणि तेथे हा उपचार जवळजवळ नव्हताच. त्याचा माणशी वार्षिक खर्च १०,००० डॉलरच्या वर होता.

फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीने हा उपचार वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केला. त्याच वर्षी केप टाउनजवळच्या खायेलित्शा वस्तीत, तर २००२ मध्ये बोत्स्वानात सरकारी पातळीवर औषधे सुरू झाली. किमतीचा अडथळा कमी होताच दुसरा अडथळा समोर आला.

सीडी४ चा उंबरठा

विषाणू ज्या पेशींवर हल्ला करतो, त्या सीडी४ पेशींची संख्या रक्तात मोजतात. औषधे तुटपुंजी असल्याने ही संख्या २०० च्या खाली गेलेल्यांना प्राधान्य मिळे. म्हणजे आज निदान झालेल्या, पण धडधाकट वाटणाऱ्या माणसाला 'नंतर या' असे सांगितले जाई. रक्त देण्यासाठी एक खेप, अहवालासाठी दुसरी, समुपदेशनासाठी आणखी काही. प्रत्येक खेपेला गाडीभाडे आणि बुडालेली मजुरी.

परिणाम काय झाला? २०११ मधील एका संशोधन आढाव्यानुसार, निदानावेळी उपचारासाठी अजून पात्र नसलेल्यांपैकी एक तृतीयांशाहूनही कमी रुग्ण सलग देखरेखीखाली राहत. इतर वाटेतच गळत. त्यांपैकी अनेक जण परत आले ते आजार बळावल्यावरच.

नियम बदलले

जागतिक आरोग्य संघटनेने ही मर्यादा २०१० मध्ये ३५० आणि २०१३ मध्ये ५०० केली. २०१५ मध्ये ती काढूनच टाकली : निदान झाले की उपचार. जोहान्सबर्गमधील एका चाचणीत त्याच दिवशी औषध देण्याची पद्धत तपासली गेली. तीन महिन्यांत ९७ टक्के रुग्णांचे उपचार सुरू झाले. नेहमीच्या पद्धतीत हे प्रमाण ७२ टक्के होते. २०१७ मध्ये संघटनेनेही, रुग्णाची तयारी असल्यास, त्याच दिवशी औषध देण्याची शिफारस केली.

पाठपुरावा

त्याच चाचणीत दहा महिन्यांनंतर विषाणू आटोक्यात असलेले रुग्ण मात्र ६४ टक्केच होते. जुन्या पद्धतीत ५१ टक्के. सुरुवात सोपी झाली, टिकून राहणे तितके सोपे झाले नाही. यावर मोझांबिकच्या तेते प्रांतात २००८ पासून रुग्णांनीच छोटे गट केले. दर महिन्याला गटातील एक जण दवाखान्यात जाऊन सर्वांची औषधे आणी. खेपा वाचल्या, शिवाय एखाद्याने औषध सोडले तर ते सोबत्यांच्या लगेच लक्षात येई.

या इतिहासाचा निष्कर्ष असा : औषध स्वस्त होणे आवश्यक होते, पण पुरेसे नव्हते. टंचाईच्या काळात केलेला नियम टंचाई ओसरल्यावरही रुग्णांना वर्षानुवर्षे दाराबाहेर ठेवू शकतो.

विचारासाठी प्रश्न : आपल्या परिसरातील क्षयरोग किंवा मधुमेहाच्या रुग्णाला निदानापासून औषधापर्यंत किती खेपा घालाव्या लागतात? त्यांतील कोणत्या टाळता येतील?