मुकुटानंतरची रीटा फारिया

गोव्याच्या वेशीवरील आम्हां दोडामार्गकरांना रीटा फारिया हे नाव परके नाही. महायुद्धोत्तर लंडनमध्ये १९५१ साली सुरू झालेली जगत्सुंदरी स्पर्धा १९६६ मध्ये प्रथमच एका आशियाई युवतीने जिंकली. मूळ गोव्याच्या ख्रिस्ती कुटुंबातील ही मुंबईकर कन्या ग्रँट मेडिकल कॉलेजात वैद्यक शिकत होती. खरी कसोटी, आमच्या मते, पुढेच लागली. त्याच नाताळात बॉब होप यांच्या ताफ्यातून त्या व्हिएतनाममधील अमेरिकन सैनिकांपुढे गेल्या आणि मायदेशी टीकेचे मोहोळ उठले. वर्ष सरताच मात्र रुपेरी पडद्याकडे न वळता त्यांनी लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलात वैद्यकीय शिक्षण घेतले. १९७१ मध्ये डॉ. डेव्हिड पॉवेल यांच्याशी विवाहबद्ध होऊन कालांतराने त्या डब्लिनला स्थायिक झाल्या.