संयोगभूमीच्या सीमा आणि दोन सायकली

इ. स. १९७२ च्या जून महिन्यांत अलास्कांतील अँकरेज शहराहून दोन अमेरिकन जोडपीं सायकलींवर निघालीं. जावयाचें होतें दक्षिण अमेरिकेच्या अगदीं शेवटच्या टोकास, टिएरा डेल फ्यूगो येथें. ग्रेग व जून सिपल हें एक जोडपें आणि डॅन व लिस बर्डन हें दुसरें. पुढें मेक्सिकोंत डॅन बर्डन काविळीच्या दुखण्यानें आजारी पडला आणि त्या उभयतांस प्रवास सोडावा लागला. सिपल पतिपत्नी मात्र पुढेंच जात राहिलीं आणि १९७५ च्या फेब्रुवारींत, अठरा हजारांहून अधिक मैल तुडवून, मुक्कामास पोंचलीं. पुण्याहून सायकलीनें पन्हाळा गांठणाऱ्या तरुणाचेंहि आपल्याकडे कौतुक होतें. येथें तर पावणेतीन वर्षें संसार दोन चाकांवरच चालला होता.

या प्रवासाचा मधला भाग इतिहासाच्या अभ्यासकास विशेष विचार करावयास लावणारा आहे. दोन खंडांस जोडणाऱ्या त्या चिंचोळ्या संयोगभूमींत ग्वाटेमाला, एल् साल्वादोर, होंडुरास, निकाराग्वा व कोस्टा रिका हीं पांच राज्यें एकापुढें एक लागतात. आगगाडींत झोंपलेल्या प्रवाशास सीमा कळत नाहीं, विमानांतल्यास ती दिसत नाहीं. सायकलस्वारास मात्र प्रत्येक नाक्यावर उतरावें लागतें, परवान्यावर शिक्का घ्यावा लागतो आणि खिशांतील नाणीं बदलावीं लागतात. होंडुरासचें चलन लेंपिरा. स्पॅनिश आक्रमकांशीं झुंजलेल्या एका मूळ रहिवासी सरदाराचें तें नांव. शेजारच्या निकाराग्वाचें चलन कोर्डोबा. तें नांव त्याच आक्रमकांपैकीं एका सेनानीचें! राज्यें मात्र दोन्ही एकाच मुशींतून निघालेलीं. होंडुरास, एल् साल्वादोर व निकाराग्वा यांचीं निशाणें तर इतकीं सारखीं, निळा, पांढरा आणि पुन्हां निळा पट्टा असलेलीं, कीं परक्यास क्षणभर संभ्रम पडावा.

हें साम्य अकारण नाहीं. १५ सप्टेंबर १८२१ रोजीं हा सारा मुलूख स्पेनच्या सत्तेंतून एकदमच मुक्त झाला, आणि १८२३ सालीं या पांच प्रांतांचें एक संघराज्य निर्माण झालें. तें टिकविण्यासाठीं ज्यानें आयुष्य वेंचलें तो फ्रान्सिस्को मोरासान जन्मानें होंडुरासचा. प्रांतांचे परस्पर हेवेदावे, जुन्या सरदारांचा विरोध आणि रिकामा खजिना यांपुढें त्याचें कांहीं चाललें नाहीं, आणि १८३८ पासून एकेक प्रांत फुटून निघाला. मोरासानला कोस्टा रिकांत सान होसे येथें गोळ्या घालण्यांत आल्या, त्याहि १८४२ सालच्या १५ सप्टेंबरला, म्हणजे नेमक्या स्वातंत्र्यदिनीं. त्याच्या इच्छेप्रमाणें त्याच्या अस्थि एल् साल्वादोरमध्यें विसावल्या आहेत. एका देशांत जन्म, दुसऱ्यांत मरण आणि तिसऱ्यांत समाधि! त्याच्या दृष्टीनें अर्थात् तो एकच देश होता. होंडुरासच्या निशाणावर आजहि पांच तारे आहेत. ते त्या मोडलेल्या पांच घरांचे.

सिपल दंपती १९७३ सालीं मेक्सिकोंतून दक्षिणेस उतरलीं, तेव्हां या पांचांपैकीं दोन घरांतील वैर अगदीं ताजें होतें. १४ जुलै १९६९ रोजीं एल् साल्वादोरच्या सैन्यानें होंडुरासवर चाल केली होती. लढाई चारच दिवस चालली. पण तेवढ्यांत दोन हजारांच्या आसपास माणसें प्राणांस मुकलीं, आणि त्यांत बहुतेक होंडुरासचे साधे गांवकरी होते. आदल्याच महिन्यांत या दोन देशांत विश्वचषकासाठीं फुटबॉलचे सामने होऊन दंगे झाले होते. त्यावरून वृत्तपत्रांनीं यास ‘फुटबॉलचें युद्ध’ असें सुटसुटीत नांव दिलें. नांव चटकदार खरें, पण त्यानें खरें कारण झांकून गेलें. तें कारण जमीन.

एल् साल्वादोर क्षेत्रफळानें होंडुरासच्या पांचव्या हिश्श्याएवढा, आणि लोकसंख्या मात्र तेव्हां त्याच्याहून अधिक होती. चांगली जमीन कॉफीच्या थोड्या मळेवाल्यांच्या हातीं. तेव्हां तेथील भूमिहीन कुळें पिढ्यान्‌पिढ्या सीमा ओलांडून होंडुरासच्या ओसाड रानांत शिरलीं, झाडें तोडून त्यांनीं मका पेरला, घरें बांधलीं, मुलींचीं लग्नें तेथेंच केलीं. अशीं सुमारें तीन लक्ष माणसें तेथें वसलीं होतीं. होंडुरासनें १९६२ सालीं जमिनीच्या फेरवाटपाचा कायदा केला. पुढें त्याची अंमलबजावणी जोरानें सुरू झाली, तेव्हां जमीन जन्मानें होंडुरासच्या असणाऱ्यांनाच मिळणार असें ठरलें. बड्या जमीनदारांस धक्का लावण्यापेक्षां परदेशी शेतकऱ्यास हांकलणें सोपें होतें. हजारों कुटुंबें गांठोडीं घेऊन आलीं त्या वाटेनें परत फिरलीं. त्यांस पुन्हां सामावून घेण्याएवढी जागा एल् साल्वादोरमध्यें नव्हती, आणि जमीन वांटून देण्याची तेथील राज्यकर्त्यांची इच्छाहि नव्हती.

दोन देशांमधील पॅन-अमेरिकन महामार्ग एल् आमातियो येथें गोआस्कोरान नदीवरील पुलावरून जातो. तेथून होंडुरासमधील त्याची लांबी जेमतेम दीडशे किलोमीटर. सायकलस्वारास दोन दिवसांची मजल. युद्धानंतर होंडुरासनें हा मार्ग साल्वादोरच्या मालास बंद केला. निकाराग्वाशीं व्यापार चालू राखण्यासाठीं साल्वादोरला फोन्सेकाच्या आखातांतून नौकेनें माल न्यावा लागे. सिपल दंपतींच्या हातांत अमेरिकेचें पारपत्र होतें, आणि त्याच्या बळावर अर्धें जग पालथें घालतां येत होतें. त्याच नदीच्या कांठीं मका पिकवून वाढलेल्या माणसाजवळ मात्र पलीकडल्या आपल्या शेतापर्यंत जाण्यापुरताहि कागद नव्हता.

पुढील वाटहि सोपी नव्हती. हीं मंडळी अलास्कांतून निघालीं तेव्हां उभें असलेलें निकाराग्वाचें राजधानीचें शहर मानाग्वा, तीं संयोगभूमींत पोंचण्यापूर्वींच, २३ डिसेंबर १९७२ च्या भूकंपांत जमीनदोस्त झालें होतें. कोस्टा रिकांत महामार्ग सुमारें ३,३०० मीटर चढतो, म्हणजे कळसूबाईच्या दुप्पट उंचीवर. त्या डोंगराचें नांवच ‘मरणाचा डोंगर’. रस्ता होण्यापूर्वीं माल घेऊन पायीं जाणारे लोक तेथें थंडीनें गारठून मरत, त्यावरून तें पडलें. आणि पनामांत याविसा गांवाशीं रस्ताच संपतो. तेथून कोलंबियाकडे सुमारें शंभर किलोमीटर दारिएनचें घोर अरण्य व दलदल आहे. १९७५ सालीं अमेरिकेंतील एका न्यायालयानें त्या रस्त्याचें काम थांबविलें. दक्षिणेंतील गुरांची लाळ्या-खुरकुताची सांथ त्या वाटेनें उत्तरेस शिरेल ही भीति त्यांतील एक कारण होती.

होंडुरास व एल् साल्वादोर यांचा तह व्हावयास १९८० चा ऑक्टोबर उजाडला. वादग्रस्त सीमेचा निकाल हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयानें ११ सप्टेंबर १९९२ रोजीं दिला. २००६ सालीं ग्वाटेमाला, एल् साल्वादोर, होंडुरास व निकाराग्वा या चारही देशांनीं आपल्या नागरिकांस एकमेकांकडे मुक्तपणें येण्याजाण्याची मोकळीक दिली. गोआस्कोरानचा तंटा तेवढा राहिला. नदीनें पूर्वीं आपलें पात्र बदललें, म्हणून सीमा जुन्या पात्रावर धरावी, असें एल् साल्वादोरचें म्हणणें होतें. निकालाचा फेरविचार व्हावा म्हणून तो पुन्हां हेगला गेला. न्यायालयानें डिसेंबर २००३ मध्यें तो अर्ज फेटाळला, आणि सीमा नदीच्या चालू पात्रावरच कायम राहिली.