फोर्ट रिकव्हरीच्या तोफा

फोर्ट रिकव्हरीच्या तोफा म्हणजे अमेरिकी सैन्याने सरहद्दीवर गमावलेल्या व पुढे परत मिळवलेल्या मैदानी तोफा होत. ४ नोव्हेंबर १७९१ रोजी वॉबॅश नदीकाठी (सध्याचे ओहायो राज्य) लिटल टर्टल व ब्लू जॅकेट यांच्या मूलनिवासी योद्ध्यांनी जनरल आर्थर सेंट क्लेअर यांच्या छावणीवर पहाटे हल्ला केला. झाडांआडच्या शत्रूवर तोफांचा मारा निष्प्रभ ठरला. उघड्यावरचे गोलंदाज मात्र टिपले गेले. घोडे मारले गेल्याने तोफा तेथेच सोडाव्या लागल्या. विजेत्यांनी त्या ओंडक्यांखाली दडवल्या.

डिसेंबर १७९३ मध्ये जनरल अँथनी वेन यांच्या सैन्याने त्याच रणभूमीवर किल्ला बांधला आणि काही तोफा शोधून काढल्या. ३० जून १७९४ रोजी मूलनिवासी योद्ध्यांनी किल्ल्यावर चढाई केली. दडवलेल्या तोफांसाठी ते ओंडके उलथत होते. त्यांपैकी काही तोफा तोवर किल्ल्यातून त्यांच्यावरच डागल्या जात होत्या.