वाहतूक चलान (महाराष्ट्र)

वाहतूक चलान : मोटार वाहन अधिनियम, १९८८ किंवा त्याखालील नियम मोडल्याचा आरोप नोंदवणारा दस्तऐवज. तो वाहतूक पोलीस किंवा प्रादेशिक परिवहन कार्यालयाचा (आरटीओ) अधिकारी देतो. पूर्वी चौकात पावती-पुस्तकातून पान फाडून हातात मिळे. आता ते बहुधा ई-चलान असते आणि एसएमएसने कळते, कधी गाडी घरी पोचण्याआधी, तर कधी काही महिन्यांनी गाडी विकायला काढल्यावर.

चलानाविषयीचे बहुतेक प्रश्न एका गैरसमजातून उगवतात, तो म्हणजे चलान ही शिक्षा आहे. चलान हा फक्त आरोप असतो. दोषी ठरवण्याचा अधिकार न्यायदंडाधिकाऱ्याचा आहे, पोलिसाचा नाही. मशीनवर किंवा पोर्टलवर आपण भरतो ते अधिनियमाच्या कलम २०० खालील तडजोड शुल्क. राज्य शासन राजपत्रातून ते ठरवते आणि कोणत्या दर्जाच्या अधिकाऱ्याने ते घ्यायचे हेही जाहीर करते. ते भरले की त्या प्रसंगापुरती पुढची कारवाई थांबते आणि दोषसिद्धीची नोंद होत नाही. तडजोड ऐच्छिक असल्यामुळे ‘इथेच आत्ता भरा’ अशी सक्ती कायद्यात बसत नाही. चलान थकीत म्हणून नोंदवून घेऊन निघून जाता येते, आणि आरोप मान्य नसेल तर न्यायालयात बाजू मांडता येते. मात्र २०१९ च्या दुरुस्तीने इथे एक मेख मारून ठेवली आहे. तडजोड केलेला गुन्हाही पुढच्या वेळी ‘पूर्वी केलेला गुन्हा’ म्हणून मोजला जातो. पाचशे रुपये भरून विषय मिटला असे मानणाऱ्याला दुसऱ्या खेपेस दीड हजारांचे चलान येते, ते यामुळेच.

कायदा आणि रकमा : १९३९ चा जुना कायदा जाऊन सध्याचा अधिनियम १ जुलै १९८९ पासून लागू झाला. तीस वर्षे त्यातल्या रकमा जवळजवळ जागच्या जागी राहिल्या. सर्वसाधारण भंगाला (कलम १७७) शंभर रुपये, म्हणजे अलीकडे दोघांच्या मिसळीपेक्षाही कमी. २०१९ च्या दुरुस्तीने त्या एकदम वाढवल्या आणि १ सप्टेंबर २०१९ पासून बरीच कलमे देशभर अमलात आली. महाराष्ट्राने मात्र हात आखडता घेतला. विधानसभा निवडणूक तोंडावर होती. तत्कालीन परिवहनमंत्री दिवाकर रावते यांनी केंद्राकडे फेरविचाराची मागणी केली. दुरुस्ती मांडणारे केंद्रीय मंत्री नितीन गडकरी नागपूरचे आणि ती अडवून धरणारे सरकारही महाराष्ट्राचेच, असा योग जुळला. नवे तडजोड शुल्क राज्यात डिसेंबर २०२१ मध्ये लागू झाले.

कायद्यातली रक्कम आणि प्रत्यक्ष चलानावरची रक्कम नेहमी सारखी नसते, याचे कारण हेच. हेल्मेट नसल्यास कलम १९४ड मध्ये एक हजार रुपये आहेत, तर महाराष्ट्रात तडजोडीची रक्कम पाचशे ठरली. पण त्याच कलमात तीन महिन्यांसाठी लायसन्स अपात्र ठरवण्याचीही तरतूद आहे, आणि ट्रिपल सीटच्या कलमातही (१९४क) तीच आहे. पैशांची चर्चा होते, लायसन्सची होत नाही. खरे तर रोज गाडीवर पोट असणाऱ्याला जड जाते ते लायसन्स. बिगरलायसन्स गाडी चालवल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही (कलम १८१). अशा माणसाच्या हाती गाडी देणाऱ्या मालकालाही कलम १८० नुसार तेवढीच शिक्षा आहे. विम्याशिवाय पहिल्या खेपेस दोन हजार, नंतर चार हजार, शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. वेगमर्यादा ओलांडल्यास हलक्या वाहनाला एक ते दोन हजार, मध्यम व जड वाहनाला दोन ते चार हजार. रुग्णवाहिका किंवा अग्निशमन गाडीला वाट न दिल्यास दहा हजार रुपये दंड. कायदा राबवणाऱ्यानेच तो मोडला तर शिक्षा दुप्पट, असे कलम २१०ब सांगते. या कलमाखाली फाडलेली पावती फारशी कोणी पाहिलेली नसावी.

मागच्या सीटवर बसणाऱ्यालाही हेल्मेट लागते का, हा प्रश्न कायद्याने केव्हाच निकाली काढला आहे. कलम १२९ दोघांनाही लागू होते, पगडी घातलेल्या शीख व्यक्तींचा अपवाद सोडून. मुंबईत मागच्या स्वारासाठी अंमलबजावणी जून २०२२ पासून सुरू झाली, तर मोटारीतील सर्व प्रवाशांसाठी सीटबेल्टची नोव्हेंबर २०२२ पासून. पुण्यात जानेवारी २०१९ च्या मोहिमेविरुद्ध हेल्मेटसक्ती विरोधी कृती समिती उभी राहिली होती. तिचे म्हणणे रस्त्यावर गाजले, पण कलम १२९ मधली सक्ती कायम राहिली.

नाकाबंदीवर : गणवेशातील कोणताही पोलीस अधिकारी लायसन्स मागू शकतो (कलम १३०). कागदपत्रे कागदावरच हवीत असे नाही. डिजिलॉकर किंवा एमपरिवहन ॲपमधील लायसन्स, आरसी, विमा व पीयूसी २०१८ च्या नियमदुरुस्तीपासून ग्राह्य आहेत. मोबाइलमधला साधा फोटो मात्र यात मोडत नाही. कागद जवळ नसतील तर केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १३९ खाली ते पंधरा दिवसांत सादर करण्याची मुभा आहे. ‘लायसन्स घरी राहिले’ आणि ‘लायसन्सच नाही’ या दोन गोष्टींची कलमे वेगळी आहेत आणि रकमाही. चलानावर कोणते कलम टाकले आहे ते वाचावे, ते याच कारणासाठी.

पोलीस गाडीची चावी काढून घेऊ शकतात का? तसा अधिकार देणारे कलम अधिनियमात नाही. पण एवढ्यावर चौकात ‘मामां’शी वाद घालणाऱ्याने कलम २०७ ही माहीत करून घ्यावे. नोंदणी, परवाना किंवा लायसन्स नसल्यास गाडीच अडकवून ठेवण्याचा अधिकार त्यात आहे. अतिवेग, धोकादायक चालवणे, मद्यपान, हेल्मेट अशा ठरावीक गुन्ह्यांत लायसन्स जप्त करून परवाना प्राधिकाऱ्याकडे पाठवण्याचा अधिकार कलम २०६ देते. लायसन्स घेतले तर त्याची पोच मागावी, मात्र लायसन्स परत मिळेपर्यंत त्या पोचेवर गाडी चालवता येत नाही. ‘चहापाणी’ देऊन सुटका करून घेणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवावे की भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही आरोपी ठरतो.

सिग्नल तोडणे, उलट दिशेने येणे आणि गाडी चालवताना मोबाइल हातात धरणे हे प्रकार २०१९ पासून कलम १८४ च्या ‘धोकादायक चालवणे’ या व्याख्येत आले. त्याला पहिल्या खेपेस सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा एक ते पाच हजार दंड, किंवा दोन्ही. यांपैकी कलम २०० खाली तडजोड होते ती फक्त मोबाइलपुरती. बाकीच्यांना हे कलम लावले तर प्रकरण न्यायालयात जाते, त्यामुळे सिग्नलभंगाला पोलीस पुष्कळदा साधे कलम लावतात. नागरिक याला सवलत समजतो.

मद्यपान : रक्ताच्या १०० मिलिलिटरमध्ये ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आढळल्यास कलम १८५ लागते. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार दंड, किंवा दोन्ही. दुसऱ्याला दोन वर्षांपर्यंत किंवा पंधरा हजार. या कलमात तडजोड नाही, न्यायालयात जावेच लागते. ब्रेथ ॲनालायझरमध्ये फुंकायला सबळ कारणाशिवाय नकार देणे शहाणपणाचे नाही, कारण तो नकारच खटल्यात विरोधी पुरावा म्हणून वापरता येतो. उलट पोलिसांवरही एक बंधन आहे, जे फार थोड्यांना ठाऊक असते. या कलमाखाली अटक केल्यापासून दोन तासांच्या आत नोंदणीकृत डॉक्टरकडून तपासणी झाली नाही तर आरोपीला सोडावे लागते. त्याने खटला संपत नाही, अटक संपते.

कॅमेऱ्याचे चलान : मुंबईत सीसीटीव्हीवरून ई-चलान २०१६ मध्ये सुरू झाले, पुढे ‘वन स्टेट वन ई-चलान’ प्रकल्पातून ते राज्यभर पोचले. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर जुलै २०२४ पासून बसवलेली यंत्रणा एका जागचा वेग तर पाहतेच, शिवाय दोन कॅमेऱ्यांमधले अंतर किती वेळात कापले यावरून सरासरी वेगही काढते. कॅमेरा दिसला की ब्रेक दाबायचा आणि पुढे पुन्हा पाय द्यायचा, ही कला तिथे निरुपयोगी ठरली.

कॅमेऱ्यालाही नियम आहेत. २०२१ मध्ये आलेला नियम १६७अ म्हणतो की उपकरणाला मान्यतेचे प्रमाणपत्र हवे आणि त्याचे दरवर्षी नूतनीकरण हवे. पुढे कॅमेरा आहे असे सांगणारा फलक ठळकपणे लावलेला हवा. गुन्ह्याची सूचना पंधरा दिवसांत पाठवलेली हवी, आणि चलान निकाली निघेपर्यंत नोंद जपून ठेवलेली हवी. दाद मागताना या मुद्द्यांचा उपयोग होतो. पोलिसाने स्वतःच्या मोबाइलवर टिपलेल्या छायाचित्रांवरून बराच वाद झाला. जुलै २०२५ मध्ये मालवाहतूकदारांनी संपच केला, आणि खासगी मोबाइल वापरू नये असे आदेशही वाहतूक पोलिसांच्या वरिष्ठांनी काढले.

ई-चलान गाडीच्या मालकाच्या नावे निघते, कारण कॅमेऱ्याला चालक नाही, नंबरप्लेट दिसते. चालक कोण होता हे सांगण्याचे कर्तव्य कलम १३३ मालकावर टाकते. खरी अडचण जुन्या गाड्यांत येते. गाडी विकली, पैसे घेतले, फॉर्मवर सह्या केल्या, पण आरटीओत नाव बदललेच नाही, ही आपल्याकडची नित्याची कथा. कलम ५० नुसार राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत हस्तांतरण कळवायचे असते. ते न केल्यास चलान तर येतेच, अपघात झाल्यास भरपाईची जबाबदारीही कागदोपत्री मालकावर पडू शकते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या निकालात नोंदणीकृत मालकालाच मालक मानले. एजंटवर सोडलेले काम महाग पडते ते असे.

चूक असेल तर महाराष्ट्राच्या ई-चलान पोर्टलवर किंवा वाहतूक शाखेत तक्रार देता येते. छायाचित्रातली गाडी वेगळ्या रंगाची किंवा वेगळ्याच कंपनीची निघाली, तर आपल्या क्रमांकाची बनावट प्लेट कोणीतरी वापरत आहे. अशा वेळी चलान रद्द करून घेऊन थांबू नये, पोलीस ठाण्यात लेखी तक्रार नोंदवावी.

थकीत चलान, लोकअदालत आणि मुदत : हजारो रुपये थकलेल्या वाहनधारकांना राष्ट्रीय लोकअदालतीच्या नोटिसा मोबाइलवर येतात आणि अनेकांची झोप उडते. लोकअदालत ही विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ खालची तडजोडीची जागा आहे. तिथे हजर न राहिल्याने कोणी दोषी ठरत नाही, प्रकरण नेहमीच्या न्यायालयाच्या वाटेला जाते. तडजोड झाली तर तो निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. रक्कम कमी होऊ शकते, पण सूट हा हक्क नव्हे. साध्या प्रकरणांसाठी आभासी न्यायालयेही आहेत. नागपुरात ३१ ऑक्टोबर २०२० रोजी तत्कालीन सरन्यायाधीश शरद बोबडे यांच्या हस्ते अशा न्यायालयाचा आरंभ झाला.

फक्त दंडाच्या गुन्ह्याची दखल सहा महिन्यांनंतर न्यायालय घेऊ शकत नाही, असे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ५१४ (पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे ४६८) सांगते. त्यावर विसंबून ‘सहा महिने थांबा, चलान मरते’ असा सल्ला कट्ट्यावर दिला जातो. तो अर्धाच खरा आहे. मुदत खटल्याला असते, पोर्टलवरची नोंद त्याने आपोआप पुसली जात नाही, आणि हस्तांतरण किंवा ना-हरकत प्रमाणपत्राच्या वेळी तीच नोंद आडवी येते. शिवाय कैदेची तरतूद असलेल्या कलमांना मुदत याहून मोठी आहे.

अपघात आणि अल्पवयीन : अपघातात कोणी जखमी झाले किंवा दगावले की चलानाचा प्रांत संपतो आणि भारतीय न्याय संहितेचा सुरू होतो. बेदरकार चालवण्याला कलम २८१, निष्काळजीपणाने मृत्यू ओढवल्यास कलम १०६(१) खाली पाच वर्षांपर्यंत कैद. पळून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांची शिक्षा सांगणाऱ्या १०६(२) विरुद्ध जानेवारी २०२४ मध्ये ट्रकचालकांनी संप केला, पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या, आणि १ जुलै २०२४ ला संहिता लागू झाली ती हे उपकलम बाजूला ठेवून. जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देणे आणि चोवीस तासांत पोलिसांना कळवणे हे मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १३४ खाली चालकाचे कर्तव्य आहे. जमाव अंगावर येत असल्यास मदतीसाठी तिथे थांबण्यातून सूट मिळते, कळवण्यातून नाही. मदतीला धावणाऱ्या त्रयस्थाला कलम १३४अ संरक्षण देते.

अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केल्यास पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही, असे कलम १९९अ सांगते. मे २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरात अल्पवयीन चालकाच्या मोटारीखाली दोघांचा जीव गेल्यानंतर हे कलम घराघरांत चर्चेत आले.

परराज्यात : केंद्राच्या परिवहन पोर्टलमुळे इतर राज्यांतील चलानेही आता गाडीमागोमाग घरी येतात. गोव्याला जाणाऱ्यांसाठी एक वेगळा मुद्दा आहे. भाड्याने देण्याची परवानाधारक दुचाकी काळ्या प्लेटवर पिवळ्या अक्षरांची असते. पांढऱ्या प्लेटची खासगी गाडी स्वस्तात भाड्याने घेतल्यास विनापरवाना वापराचे कलम १९२अ लागू शकते, ज्यात दहा हजार रुपये दंड आहे. आणि व्हॉट्सॲपवर ‘आरटीओ चलान’ नावाची एपीके फाइल आली तर ती उघडू नये. कोणतेही सरकारी कार्यालय चलान अशा फाइलने पाठवत नाही. ती बँक खाते रिकामे करणाऱ्यांची असते.