शाळा मंडळ कोणाच्या हाती? रत्नागिरीची माणसे आणि १९२३ चा कायदा

दापोली तालुक्यातील मुर्डी आणि शेजारच्या मंडणगड तालुक्यातील आंबडवे ही दोन्ही गावे आज एका दिवसात पाहून होतात. मुर्डीत १८७६ साली रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांचा जन्म झाला. आंबडवे हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे मूळ गाव. पहिल्याने मुंबई इलाख्यातील प्राथमिक शाळा निवडून आलेल्या स्थानिक मंडळांच्या स्वाधीन करणारा कायदा आणला. दुसऱ्याने पाच वर्षांतच तो कायदा रद्द करा अशी लेखी मागणी केली. दोघेही सक्तीच्या शिक्षणाचे कट्टर पुरस्कर्ते होते, हे ध्यानात घेतले म्हणजे या मतभेदाचे वजन कळते.

या कथेचा आरंभ रत्नागिरी जिल्ह्यातल्याच तिसऱ्या एका माणसापासून करावा लागतो. गुहागर तालुक्यातील कोतळूकचे गोपाळ कृष्ण गोखले यांनी मार्च १९११ मध्ये केंद्रीय विधिमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. त्यांची मागणी अतिशय सौम्य होती. सहा ते दहा वयाच्या मुलग्यांना शाळेची सक्ती करावी, तीही ज्या नगरपालिकेला वा लोकल बोर्डाला इच्छा असेल तिनेच, आणि सरकारची संमती घेऊन. तरीही मार्च १९१२ मध्ये १३ विरुद्ध ३८ मतांनी विधेयक फेटाळले गेले. सक्ती कोणी करावी या प्रश्नाला गोखल्यांनी दिलेले ‘स्थानिक संस्थेने’ हे उत्तर मात्र त्यांच्या मागे उरले. पुढे त्याच उत्तरावरून वाद पेटला.

परांजपे हे गोखल्यांच्याच परंपरेतले. महर्षी कर्वे यांच्या आधाराने खेड्यातून शिकायला बाहेर पडलेला हा मुलगा १८९९ साली केंब्रिजचा सीनियर रँग्लर झाला. हा मान मिळवणारा पहिला भारतीय म्हणून महाराष्ट्राने त्यांना ‘रँग्लर’ ही पदवीच नावाआधी जोडून टाकली. फर्ग्युसन महाविद्यालयाचे ते प्राचार्य झाले आणि गोखल्यांचे चरित्रही त्यांनी लिहिले.

दरम्यान मुंबई इलाख्यात विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने १९१८ साली नगरपालिकांना सक्तीचा अधिकार देणारा कायदा झाला. त्याची पहिली कसोटी पुण्यात लागली. सक्तीत मुलींनाही घ्यायचे की पैशाअभावी आधी मुलग्यांचेच पाहायचे, यावर शहर दुभंगले. ‘आधी मुलगे’ म्हणणाऱ्या पक्षात टिळक होते आणि मुलींचा समावेश झालाच पाहिजे म्हणणाऱ्यांत परांजपे. दोघेही रत्नागिरी जिल्ह्याचेच! शाळेचा निर्णय स्थानिक संस्थेकडे दिला की तो निवडणुकीच्या राजकारणात ओढला जातो, हे तेव्हाच दिसून आले होते.

१९२० च्या निवडणुकीवर असहकारवाद्यांनी बहिष्कार घातला. त्यामुळे प्रागतिक पक्षाला वाट मोकळी झाली. परांजपे पदवीधरांच्या विद्यापीठ मतदारसंघाचे प्रतिनिधी म्हणून मुंबई विधिमंडळात बसले आणि १९२१ मध्ये द्विदल राज्यपद्धतीतील शिक्षणमंत्री झाले. मूठभर पदवीधरांच्या मतांवर निवडून आलेला हा मंत्री गावोगावच्या शाळा गावोगावच्या मतदारांच्या प्रतिनिधींकडे सोपवायला निघाला होता, यातला विरोधाभास नजरेआड करता येत नाही.

१९२३ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याची रचना थोडक्यात अशी. जिल्हा लोकल बोर्ड किंवा मोठी नगरपालिका ही ‘स्थानिक प्राधिकारी’ ठरली. तिने आपले शाळा मंडळ, म्हणजे लोकांच्या तोंडचे स्कूल बोर्ड, निवडून द्यायचे. शिक्षक, शाळा आणि खर्च यांचा कारभार शिक्षण खात्याकडून या मंडळाकडे गेला. सक्तीची योजनाही स्थानिक संस्थेने आखायची. त्यापायी वाढणाऱ्या खर्चापैकी लोकल बोर्डाला दोन तृतीयांश आणि नगरपालिकेला निम्मा भाग सरकारने द्यायचा. उरलेला पैसा स्थानिक करातून उभारायचा. ज्यांनी कर बसवायचा त्यांनाच पुढच्या निवडणुकीत मते मागायची होती.

परांजप्यांची भूमिका भाबडी नव्हती. अस्पृश्य मुलांना प्रवेश नाकारणाऱ्या खासगी शाळांचे अनुदान बंद करण्याचा सरकारी ठराव त्यांच्याच मंत्रिपदाच्या काळात, १९२३ साली झाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सीताराम केशव बोले यांचा प्रसिद्ध ठराव विधिमंडळाने संमत केला: सार्वजनिक पैशातून चालणारी पाणवठ्याची ठिकाणे, धर्मशाळा, शाळा, न्यायालये, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत. सप्टेंबरमध्ये सरकारने खातेप्रमुखांना तसे आदेश दिले. स्थानिक संस्थांच्या बाबतीत मात्र जिल्हाधिकाऱ्यांनी त्यांना केवळ सल्ला द्यायचा होता. खात्याला हुकूम आणि लोकल बोर्डाला विनंती, अशी ही तफावत होती. त्याच वर्षीच्या कायद्याने शाळा तर हुकुमाच्या कक्षेतून काढून विनंतीच्या कक्षेत नेऊन ठेवल्या!

या विनंतीची किंमत काय असते, हे कोकणाला आधीच ठाऊक होते. १८९० च्या दशकात दापोलीत स्थायिक झालेल्या निवृत्त महार सैनिकांनी आपल्या मुलांना नगरपालिकेच्या शाळेत घ्यावे म्हणून अर्ज केले होते. हे लोक सैन्यात शिकलेले, पेन्शन घेणारे, कायद्याची भाषा जाणणारे. शाळा सार्वजनिक पैशाची, म्हणून हक्क सर्वांचा, असा त्यांचा सरळ युक्तिवाद होता. शाळा ज्यांच्या हाती होती ते स्थानिक प्रतिष्ठित मात्र त्या मुलांना ओसरीच्या आत येऊ द्यायला राजी नव्हते. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ निवृत्तीनंतर काही काळ याच दापोली कॅम्पात राहिले होते. पुढे साताऱ्याच्या शाळेत वेगळे बसण्याचा अनुभव खुद्द बाबासाहेबांच्या वाट्याला आला.

रत्नागिरीत या प्रश्नाला आणखी एक पदर होता, तो खोतीचा. जिल्ह्यातील पुष्कळ गावांत सरकारचा सारा खोत भरत असे आणि जमीन कसणारी कुळे खोताला देणे देत. स्थानिक मताधिकार जमीनसारा, कर किंवा मालमत्ता यांच्याशी बांधलेला होता. तेव्हा लोकल बोर्ड निवडून देणारा मतदार कोण असेल, याचा अंदाज करणे अवघड नाही. कुणबी कुळाचे किंवा महारवाड्यातले मूल ज्या शाळेत जायचे, तिच्या मंडळाच्या निवडणुकीत त्या मुलाच्या बापाला बहुधा मतच नव्हते.

१९२३ अखेरच्या निवडणुकीत स्वराज्य पक्षाच्या लाटेत परांजपे पराभूत झाले. कायदा मागे राहिला, त्याचा जनक मंत्रिमंडळाबाहेर गेला. कायद्यावर देखरेख ठेवण्याची संधी त्यांना मिळाली असती तर काय झाले असते, हा प्रश्न मोह पाडणारा खरा, पण अधिकार एकदा सोपवल्यावर मंत्र्याच्या हाती तरी कितीसे उरणार होते?

बोले यांना आपल्या ठरावाची गत दिसली. ऑगस्ट १९२६ मध्ये त्यांनी दुसरा ठराव आणला: ज्या नगरपालिका आणि लोकल बोर्डे पहिला ठराव अमलात आणणार नाहीत, त्यांची अनुदाने रोखावीत. रत्नागिरीच्या उत्तरेला लागून असलेल्या महाडमध्ये नगरपालिकेने तळे खुले केल्याचा ठराव कागदावर केला होता. त्याचे पाणी प्रत्यक्ष पिण्यासाठी मार्च १९२७ चा सत्याग्रह करावा लागला. रत्नागिरीत स्थानबद्ध असलेल्या सावरकरांनाही जिल्ह्यातील शाळांत मुलांना सरमिसळ बसवावे म्हणून वर्षानुवर्षे खटपट करावी लागली, ती १९२३ चे सरकारी आदेश अस्तित्वात असतानाच. आदेश आणि वर्ग यांच्यामध्ये स्थानिक सत्ता उभी होती.

बाबासाहेब १९२७ मध्ये मुंबई विधिमंडळात नियुक्त सदस्य म्हणून आले. १२ मार्चच्या भाषणात त्यांनी सरकारी अहवालाच्या आधारे हिशेब मांडला: याच वेगाने गेलो तर शाळेच्या वयाचे सर्व मुलगे शाळेत यायला ४० वर्षे लागतील आणि मुलींना ३००. त्यानंतर मे १९२८ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने सायमन आयोगाला दिलेल्या निवेदनात त्यांनी नेमका प्रहार केला. प्राथमिक शिक्षण कायदा रद्द करून शाळा मंडळांकडे होणारे हस्तांतर थांबवले नाही, तर दलित वर्गाचे शिक्षण मागे पडेल, असे त्यांचे प्रतिपादन होते. सक्ती ऐच्छिक न ठेवता बंधनकारक करावी आणि शाळाप्रवेशाचा नियम काटेकोरपणे पाळला जावा, ही त्याला जोडून असलेली मागणी.

लोकशाहीचा हा पुरस्कर्ता शाळा परत सरकारी खात्याकडे, तेही परकीय सरकारच्या खात्याकडे, मागत होता, हे अनेकांना तेव्हाही खटकले असेल. पण त्यांचा आक्षेप निवडणुकीला नव्हता. मतदारयादीबाहेर ठेवलेल्या माणसाचा हक्क मतदारयादीतल्या माणसाच्या मर्जीवर सोपवण्याला होता. प्रौढ मताधिकाराची मागणीही ते त्याच काळात करत होते. परांजप्यांच्या बाजूनेही एक गोष्ट नोंदवायला हवी. शिक्षण खात्याच्या हातात शाळा असतानाच्या दशकांत दापोलीची ओसरी ओलांडली गेली नव्हती. खाते हे अस्पृश्यांचे तारणहार होते असा पुरावा इतिहासात सापडत नाही. तरीही खात्याला जाब विचारता येत होता, एक हुकूम सगळ्या इलाख्याला लागू करता येत होता. बारा गावच्या बारा मंडळांशी बारा वेळा लढण्यापेक्षा ते बरे, हा बाबासाहेबांचा हिशेब अधिक वास्तववादी ठरला, असेच पुढच्या घटनांवरून म्हणावे लागते.

पुढचे पाऊल टाकणारा माणूसही रत्नागिरीचाच निघाला. रत्नागिरीत जन्मलेले बाळ गंगाधर खेर १९३७ मध्ये मुंबई इलाख्याचे पंतप्रधान झाले आणि शिक्षण खाते त्यांनी स्वतःकडे ठेवले. १९३८ च्या दुरुस्तीने शाळा मंडळे राहिली, पण शाळांवरचे नियंत्रण बऱ्याच अंशी सरकारने परत घेतले आणि मंडळाचा प्रशासन अधिकारी सरकारी झाला. १९४७ च्या नव्या प्राथमिक शिक्षण कायद्यात सक्तीची जबाबदारी सरकारने उचलली. खोती कायद्याने संपायला १९४९ साल उजाडले. ती नष्ट करण्याचे विधेयक बाबासाहेबांनी १९३७ मध्येच मांडले होते. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा आल्या आणि जिल्ह्यातील प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. आज रत्नागिरी जिल्हा परिषदेत निवडून आलेल्या सदस्यांची शिक्षण समिती बसते, आणि तिचे सचिवपद सरकारने नेमलेल्या शिक्षणाधिकाऱ्याकडे असते.