पुनर्वसूतील जोडतारा

मिथुन राशीतील, आपल्या पुनर्वसू नक्षत्रातील दोन ठळक ताऱ्यांपैकी एक म्हणजे कॅस्टर. नुसत्या डोळ्यांना तो एकच दिसतो. लहान दुर्बिणीतून शंभर पट मोठा करून पाहिला की दोन होतात.

असे दोन तारे खरोखरच शेजारी असतात का? एक जवळचा आणि दुसरा त्याच दिशेला फार दूरचा असू शकतो. तसे असेल, तर पृथ्वीच्या वार्षिक भ्रमणामुळे जवळचा तारा किंचित पुढेमागे सरकलेला दिसेल व त्यावरून त्याचे अंतर काढता येईल. या आशेने इंग्लंडमध्ये विल्यम हर्शेलने स्वतः बनवलेल्या दुर्बिणीतून जोड्या मोजल्या आणि १७८२ साली २६९ जोड्यांची यादी दिली.

अंतर मिळाले नाही. मात्र वीसेक वर्षांनी पुन्हा मापे घेताना कॅस्टरच्या जोडीची दिशा बदललेली आढळली. ब्रॅडलीची १७५९ सालची नोंदही तेच सांगत होती. हा बदल वर्षभरात उलटत नव्हता, एकाच बाजूला वाढत होता. म्हणजे हे तारे एकमेकांभोवती फिरत होते! हर्शेलने १८०३ साली हे जाहीर केले. गुरुत्वाकर्षण सूर्यमालेबाहेरही चालते, याचा हा पहिला प्रत्यक्ष पुरावा होता.

कॅस्टरच्या एका फेरीला सुमारे साडेचारशे वर्षे लागतात. हर्शेलच्या पहिल्या मापापासून अर्ध्याहून थोडी अधिक फेरी झाली आहे. आपणही विद्यार्थ्यांकडून या जोडीची दिशा तारखेसह वहीत टिपून घ्यावी. वीस वर्षांनी ती ताडून पाहता येईल.