हरवलेलं काळं द्राक्ष आणि तांबडी वाईन



तुळजापूर-धाराशिवकडं आज द्राक्षबाग म्हटली की बिनबियांची थॉमसन आणि तिच्याच वेलीवर निघालेले वाण डोळ्यांपुढं येतात. पण द्राक्ष या मुलखाला नवं नाही. चौदाव्या शतकात इब्न बतूता नावाचा प्रवासी दौलताबादेत आला. तिथं द्राक्षं-डाळिंबं वर्षातून दोनदा येतात, असं त्यानं लिहून ठेवलंय. पुढं नाशिककडं भोकरी, फकडी, हबशी, साहेबी अशा जाती नांदल्या. वेल पांगाऱ्याच्या जित्या खुंटावर चढवीत.

या जाती बियांच्या, भोकरी तर आंबटच. 1960 नंतर थॉमसन पसरली आणि जुन्या वेली उपटल्या गेल्या. यात बागायतदाराला बोल लावता येत नाही. बाजार गोड, बिनबियांचं मागतो.

वाईनचं गणित मात्र निराळं. थॉमसन पांढरी, तिची तांबडी वाईन होणार नाही. बहुतेक काळ्या द्राक्षांचाही रस पांढुरकाच निघतो, रंग असतो सालीत. म्हणून तांबड्या वाईनचा रस सालींसकट आंबवतात. (घरी करून बघू नका बरं का, परवाना लागतो!) बियांचं, जाड सालीचं काळं द्राक्ष तिथं मोलाचं ठरतं.

आता फ्रान्समधली हकीकत ऐका. बोर्दो भागात कार्मेनेर नावाचं काळं द्राक्ष होतं. 1860 नंतर मुळं खाणाऱ्या फायलोक्झेरा किडीनं तिथल्या बागा बसवल्या आणि ही जात जवळजवळ संपली. पण त्याआधीच तिच्या काड्या दक्षिण अमेरिकेतल्या चिली देशात गेल्या होत्या. तिथले शेतकरी तिला मेर्लो समजून मेर्लोतच तोडत राहिले. कार्मेनेर उशिरा पिकते, त्यामुळं वाईनला कच्च्या मिरचीचा वास यायचा. 1994 साली झाँ-मिशेल बुर्सिको या फ्रेंच जाणकारानं बागेत फुलोरा निरखला. पुंकेसर पिळवटलेले दिसले, आणि जात ओळखली गेली! आज कार्मेनेरची तांबडी वाईन ही चिलीची ओळख आहे.

निरखणारा डोळा आपल्याकडंही आहे. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात, नान्नजला नानासाहेब काळे यांनी बागेत वेगळी दिसलेली काडी राखली, वाढवली. सोनाका आणि काळी शरद सीडलेस हे वाण त्यातूनच आले. दोन्ही खाण्याची द्राक्षं, वाईनची नव्हेत, पण निवडीची रीत तीच.

तेव्हा वाड्याच्या परसात, विहिरीच्या कडेला एखादा जुना काळा वेल असेल, तर कुऱ्हाड लावण्याआधी थांबा. फुलोरा कधी येतो, मणी कधी पिकतो, बिया किती, याची वर्षभर टिपणं ठेवा. ऑक्टोबर छाटणीला पक्व, पेन्सिलीएवढ्या जाडीच्या काड्या घ्या, चार डोळे ठेवून कापा आणि गावाचं नाव लिहिलेली चिठ्ठी बांधून पिशवीत लावा. जात ओळखण्यासाठी पुण्याजवळ मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राला पान, फुलोरा आणि घड यांचे फोटो पाठवून विचारा. काड्या फुटून मुळं धरेपर्यंत मूळ वेल मात्र तोडू नका.